नववी पाकळी

वंदनाताई,

काल मी दोन सुया तोडल्या. एकाच ब्लाउजवर, एकाच वेलीवर, अर्ध्या तासाच्या आत. तो ब्लाउज तूच लावून गेली होतीस. पाठीवरची वेल निम्मी झाली होती, मशीन थांबवून तू बसने आलेलं धाग्याचं पार्सल आणायला गेलीस आणि परत आलीच नाहीस. बारा दिवस तो तसाच फ्रेममध्ये ताणलेला होता. नवरीचा भाऊ दोनदा दारात येऊन उभा राहिला. बिचारा तोंडाने काही बोलला नाही, पण लग्न काही आपल्यासाठी थांबणार नव्हतं. शेवटी मी तुझ्या स्टुलावर बसले. तुझं स्टूल मला उंच होतं, माझे पाय खाली टेकत नाहीत.

पहिली सुई तुटली तेव्हा मी सवयीने मशीनला शिव्या दिल्या. दुसरी तुटली तेव्हा लक्षात आलं, की "मशीनमध्येच काहीतरी आहे" हे ऐकून फिस्सकन हसायला समोर कुणी नाही. मग गुपचूप कॉम्प्युटरवर गेले. वेलीची पानं एकमेकांवर चढली होती तिथले खालचे टाके काढले, भरावाचा दाटपणा कमी केला, अकरा नंबरची बारीक सुई काढून चौदाची जाड लावली, कापडाखाली बक्रमचा आणखी एक थर दिला, स्पीड अर्ध्यावर आणला. हे सगळं तू मला दहा वर्षं सांगत होतीस. वेल बिनबोभाट पार पडली. मी तिथेच बसून रडले, आणि रडतानासुद्धा ब्लाउजवर पाणी पडू नये म्हणून मान बाजूला केली, कारण तू ओरडली असतीस.

तू कुठे जन्मलीस, किती शिकलीस, मागे कोण आहे, हे सगळं तुझ्या फोटोखाली लिहून झालंय. ते मी लिहीत नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं ती माझ्या तोंडापर्यंत येऊन परत गेली. तू रोज सात-आठ तास माझ्यापासून चार हातांवर बसलेली होतीस, तरी परत गेली. आज मी ती सांगणार आहे, पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा थोडं मागून येते.

नांदुऱ्यात आपण मशीनवरच्या भरतकामाचं दुकान टाकलं तेव्हा तू मला मॅडम म्हणायचीस. मी अकोल्याहून पंचिंगचा कोर्स करून आले होते. पंचिंग म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर उतरवून मशीनला कळतील अशा टाक्यांत मांडायचं, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला, त्याने विचारलेलं नसतानाही, समजावून सांगायचे. तू वीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवलेले. मला स्क्रीन कळत होती, तुला कापड कळत होतं, आणि आपल्यातलं शहाणं कोण यावर पहिल्या आठवड्यापासून जुंपली.

पहिलंच काम शाळेच्या बोधचिन्हाचं होतं. सूर्य, पुस्तक, दिवा आणि खाली गोलाकार संस्कृत ओळ, हे सगळं मी शर्टाच्या खिशाएवढ्या जागेत कोंबलं होतं. स्क्रीनवर काय सुंदर दिसत होतं! तू ते चालवलंस आणि सुई तीनदा तुटली. मग तू कापड फ्रेममधून काढलंस, उलटं केलंस, मागून नखाने खरडलंस आणि माझ्या हातात दिलंस.

"मॅडम, हे कापड हाये का पत्रा? पोराच्या छातीले टोचन न हे."

"डिझाइन बरोबर आहे," मी म्हणाले. "तुमची सुई बोथट झाली असेल."

"सुई सकायीच बदलली. सुई बिचारी काय करन? तिले घुसाले जागा तं पाह्यजे."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती संस्कृत ओळ काढून टाकली. शाळेतल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, यावर तू पुढे कितीतरी वर्षं हसलीस.

मॅडमची मंगल मी कधी झाले ते आठवत नाही. माझं माहेर दुसरबीडचं, बोलण्यात जालन्याकडची लकब. मी "काय करायलीस?" म्हटलं की तू हटकून "काई नाई, बसायली" म्हणून मला वेडावायचीस, आणि मी चिडले की तुला आणखी चेव यायचा. अकोल्याला धागा आणायला जाताना शेगाव स्टेशन आलं की मी गाडीतूनच हात जोडायचे आणि तू खिडकीतून हात बाहेर काढून कचोरीवाल्याला बोलवायचीस. "तू तुह्यं कर, मी माह्यं करते," म्हणायचीस. कचोरीचा अर्धा तुकडा मात्र माझ्यासाठी कागदात ठेवायचीस. मी तो खायचे आणि तेलकट आहे म्हणून कुरकुर करायचे.

तुझ्याकडून मी काय काय शिकले ते तू असताना कधी कबूल केलं नाही. दाट डिझाइनवर मशीनचा आवाज बदलतो हे तू मला शिकवलंस. तू दुसऱ्या कुणाशी गप्पा मारत असायचीस आणि मध्येच हात वर करून म्हणायचीस, "थांब. टकटक करून राह्यली." मला काहीसुद्धा वेगळं ऐकू यायचं नाही. तू मशीन थांबवायचीस, आणि खरोखरच सुई वाकलेली निघायची. अजून दहा-वीस टाके गेले असते तर तुटलीच असती. पुढे मलाही तो आवाज कळायला लागला. पण मी ते तुला सांगितलं नाही, उगाच तू फुशारशील म्हणून.

आणि तुझा तो नियम. सुई तुटली की मशीन बंद. तुकडे शोधायचे, तळहातावर एकापुढे एक ठेवायचे, टोकापर्यंत अख्खी सुई जुळली पाहिजे. तोवर पुढचा टाका नाही, मग बाहेर गिऱ्हाईक बोंबलत का असेना. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक तू दोरीला बांधून मशीनला लटकवून ठेवलं होतंस. ते फरशीवरून, कापडावरून, स्वतःच्या पदरावरून फिरवायचीस. एकदा एका बाळाच्या झबल्यावर सुई तुटली आणि टोक सापडेना. तू अख्खं फूल उसवलंस. तरी सापडलं नाही. तेव्हा ते झबलं बाजूला टाकून तू नव्या कापडाचं दुसरं शिवलंस आणि त्यावर पुन्हा फूल काढलंस. मी वैतागले होते. तू म्हणालीस, "लेकराच्या आंगाले लागलं तं? बोलता बी येत नाही त्याले."

आता ते कमळ.

ते तुमच्या विहारासाठी होतं. मूर्तीपुढच्या टेबलावर घालायला निळी मखमल आणि मधोमध पांढऱ्या रेशमी धाग्याचं कमळ. पौर्णिमेच्या आधी द्यायचं होतं. त्या कामात तुझा जीव होता. एरवी डिझाइन माझ्यावर सोडणारी तू, त्या वेळी माझ्या खुर्चीमागे उभी राहून सांगत होतीस, "आठच पाकया पाह्यजेत, मंगल. अष्टांगिक मार्गाच्या आठ. तुह्या मनानं वाढवू नको." मी एक पाकळी काढली, मग तिची नक्कल करत गेले आणि प्रत्येक नक्कल थोडी फिरवून पुढच्या जागी बसवली. स्क्रीनवर आठ पाकळ्या दिसत होत्या. मी बोट ठेवून मोजल्यासुद्धा.

तिसऱ्या पाकळीवर सुई तुटली. तू तुकडे जमवलेस, नवी सुई लावलीस. पुन्हा त्याच पाकळीवर तुटली. पुन्हा चुंबक, पुन्हा तळहात. विहारातल्या दोन बायका बाहेर बाकावर बसून होत्या. त्या आत डोकावून बघत होत्या.

"मंगल, मशीन त्याच पाकईवर परत जाऊन राह्यली वं," तू म्हणालीस.

"जाणारच की. आधी खालचा भराव, मग वरचा टाका. दोनदा जावंच लागतंय."

"दोनदा जाते ते मले बी माहीत हाये. हे तिसऱ्यांदा जाऊन राह्यली. तू फाइल पाय एकदा."

फाइल उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती, ताई. मी उघडली नाही. सकाळपासून तू माझ्या दोन डिझाइनमध्ये खोड काढली होतीस. आणि त्या दोन बायकांसमोर मला पंचिंग येत नाही असं दिसायला नको होतं. इतकंच कारण. याहून मोठं काही असतं तर मला निदान स्वतःला सांगता आलं असतं.

"फाइल बरोबर हाय," मी म्हणाले. "तुझा भास हाय. नीट बघ."

नीट बघ, असं मी म्हणाले. म्हणून तू मशीन चालू केलंस आणि सुईजवळ वाकलीस, ती तिसऱ्यांदा जाते की नाही हे डोळ्यांनी बघायला. काम करतानाचा चष्मा ड्रॉवरमध्ये होता. उन्हाळ्यात त्यावर वाफ धरते म्हणून तू तो काढून ठेवायचीस.

सुई तुटली तेव्हा तुझ्या तोंडून फक्त "हं" असा आवाज आला. तू दचकलीही नाहीस. मशीन बंद केलंस, वरचा तुकडा काढलास, मधला मखमलीत अडकलेला मिळाला. टोक मिळेना. तू चुंबक घेतलंस. मीही खाली बसून फरशी चाचपू लागले. पाच-सात मिनिटं आपण दोघी शोधत होतो. तू पदर झटकलास, फ्रेम उचलून बघितलीस, बॉबिनचं झाकण उघडलंस. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून म्हणालीस, "मंगल, माह्या डोयात काही गेलं वाटते."

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात टोक निघालं, नजर परत आली नाही. डाव्या डोळ्याने तुला धुरातून पाहावं तसं दिसायला लागलं, आणि पुढे तेही कमी होत गेलं. तुझी प्रज्ञा तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिचे बाबा गेल्यापासून घरात तुम्ही दोघीच. ती कॉलेजच्या गणवेशातच दवाखान्यात आली होती आणि डॉक्टरांना इंग्रजीत प्रश्न विचारत होती. तू एका डोळ्यावर पट्टी असताना दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे बघत होतीस. लेक डॉक्टरांशी बोलते याचं तुला कौतुक वाटत होतं, ते मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि ती फाइल उघडली. तिसरी पाकळी माउसने धरून बाजूला ओढली. ती बाजूला आली, आणि तिच्या जागी पाकळी तशीच होती.

नक्कल करताना पेस्टचं बटण दोनदा दाबलं गेलं होतं. एक पाकळी मी फिरवून पुढे नेली, दुसरी होती तिथेच, मूळच्या तिसऱ्या पाकळीवर तंतोतंत बसून राहिली. स्क्रीनवर कुणालाच दिसली नसती. मशीनला मात्र ती होती. मशीनने एका पाकळीच्या जागेत दोन पाकळ्यांचे टाके घालायचा प्रयत्न केला, जाड मखमलीत, अकरा नंबरच्या सुईने. तुझं म्हणणं शब्दशः खरं होतं.

मी ती नववी पाकळी काढून टाकली आणि फाइल नव्या नावाने ठेवली. जुनी पुसली नाही, एका पेनड्राइव्हमध्ये टाकून ड्रॉवरच्या तळाशी ठेवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. पुसायची हिंमत झाली नाही आणि दाखवायचीही. ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं, सुई जुनी होती आणि ताईंनी चष्मा लावला नव्हता. चष्म्याचं खरं होतं. त्याच्याबरोबर सुईचंही खपून गेलं.

तू दोन महिन्यांनी कामावर आलीस आणि पहिल्या दिवशी म्हणालीस, "ते कमय लाव. विहाराचं काम राह्यलं हाये." मी नवी फाइल दिली. काम सुरू करण्याआधी मशीनच्या स्क्रीनवरचा टाक्यांचा आकडा मोठ्याने वाचायची तुझी सवय. त्यावरून किती वेळ लागेल ते तू सांगायचीस. त्या दिवशीही तू मान तिरपी करून, उजवा डोळा जवळ नेऊन आकडा वाचलास. मग थांबलीस. आधीच्या आकड्यापेक्षा तो बरोबर एका पाकळीएवढा कमी होता, आणि टाक्यांचे आकडे तू लेकीच्या वाढदिवसासारखे लक्षात ठेवायचीस. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, रागाने नाही. मग म्हणालीस, "चाल, धागा ओव."

त्या वेळी मी मनाशी म्हटलं, विसरली असेल, इतका मोठा घाव झालाय, आकडे कुठले लक्षात राहतात. तीन वर्षं मी हेच धरून बसले. तू गेल्यावर मात्र ते हातातून निसटलं. तुला माहीत होतं, ताई. माझं मन मला आता दुसरं काही सांगू देत नाही.

आणि खरं सांगू? मला तुझा रागही येतो. तू का नाही बोललीस? एकदा तोंडावर म्हणाली असतीस, "मंगल, तुह्या फाइलनं माह्या डोया गेला," तर मी आधी भांडले असते, मग रडले असते, पाय धरले असते, आणि ते तिथे संपलं असतं. तू माझ्या बोधचिन्हावर दहा वर्षं बोललीस आणि यावर एक शब्द नाही. उलट एकदा चहा पिताना सहज म्हणालीस, "काही सांगायचं असलं तं सांगत जाय वं. मनात ठेवून काय करतं माणूस?" मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "साखर कमी हाय चहात." तू हसलीस आणि साखरेचा डबा पुढे केलास.

त्यानंतर मी तुझ्याशी भांडणं सोडून दिलं. तू म्हणायचीस डिझाइन दाट आहे, मी लगेच पातळ करायचे. तू म्हणायचीस पानं काढ, मी काढायचे. सुया तुटणं जवळजवळ थांबलं. गिऱ्हाइकं म्हणायची, आता काय सुबक काम येतं तुमच्याकडचं! तुला ते आवडत नव्हतं. एक दिवस तू मशीन थांबवून विचारलंस, "काऊन वं मंगल, तू आजकाल माह्याशी भांडत नाही? मी काय पाहुणी हाये काय?" मी म्हटलं, वय झालं आता. तू धाग्याचं रिकामं रीळ माझ्या अंगावर फेकलंस. सुईत धागा ओवताना तुला दोन-तीनदा प्रयत्न करावे लागायचे, मी ओवून द्यायला उठले की तू हात झटकायचीस. मी परत बसायचे आणि स्क्रीनकडे बघत राहायचे.

तुझ्या शेवटच्या सकाळचं मला लिहवत नाही, तरी लिहिते. मी दुकानाच्या पायरीवर होते. तू बाजाराच्या रस्त्याचा अर्धा भाग नीट ओलांडलास. उजवीकडून येणारं सगळं तुला दिसत होतं, हात दाखवून तू एक ट्रॅक्टरसुद्धा थांबवलास. पुढच्या अर्ध्यात गाड्या डावीकडून येतात. मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला, मी ऐकला. तू मान वळवलीस, पण उशिरा. मी तुझ्यापर्यंत धावत आले तेव्हा तू शुद्धीवर होतीस आणि मला म्हणालीस, "मशीन चालू तं नाही न राह्यली?" मी म्हटलं नाही, तू बंद करून आलीस. त्यानंतर तू बोलली नाहीस.

तुझ्या मागे झालेल्या जलदान विधीला मी तुमच्या घरी आले होते. मागच्या रांगेत बसले. भंतेजींचं बोलणं झाल्यावर बायका आपसात कुजबुजत होत्या. "एका डोयानं दिसे ना, मंग एकटीनं कायले जायाचं?" "डोया बी तिच्याच हलगर्जीनं गेला म्हणतात." मी तिथे होते, वंदनाताई. दोन हातांवर. झबल्याचं अख्खं फूल उसवणाऱ्या बाईला हलगर्जी म्हणत होत्या आणि मी सतरंजीचे दोरे काढत बसले होते.

आज दुपारी प्रज्ञा दुकानात आली. तुझा डबा, चष्मा आणि स्वेटर न्यायला. ती तुझ्या स्टुलावर बसली नाही, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. मी सगळं पिशवीत भरून दिलं तरी ती उठेना.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? आईले विचारलं की म्हणे, सुई तुटली, झालं. तुम्ही तं इथंच होत्या न."

सुई जुनी होती, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. इतक्यांदा म्हटलंय, की ते आपोआप येतं. मी तोंड उघडलं, आणि ते आलं नाही. मी उठून ड्रॉवरच्या तळातून पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर लावला आणि तिला शेजारी बसवलं.

"किती पाकळ्या हायत?"

तिने मोजल्या. "आठ."

मी तिसरी पाकळी धरून बाजूला ओढली. प्रज्ञा पुढे झाली. तिच्या लगेच लक्षात आलं. तुझीच लेक आहे ती.

"एकावर एक होती?"

"हो."

"मंग सुई त्याच्यानंच तुटली?"

"हो. तुझी आई सांगत होती, फाइल बघ. मी बघितली नाही. वरून तिलाच म्हणाले, नीट बघ. म्हणून ती वाकली."

"हे तिले दाखवलं होतं?"

"नाही."

बाहेर कापसाची गाडी अडकली होती आणि मागचे हॉर्न देत होते. मला वाटलं आता ही मला बोलेल, आणि बोलावं असं फार वाटत होतं. मी तयार होऊन बसले होते.

ती खाली बघून म्हणाली, "मी तिले लय बोलली, मावशी. दवाखान्यातच. पट्टी होती डोयावर तवा. मी म्हटलं, मी नर्सिंग शिकून राह्यली आन माही आई साधा चष्मा लावत नाही. तुह्या हलगर्जीनं तूच तुह्या डोया घालवला. मंग घरात काही सांडलं, कुठी ठेच लागली, की मी तेच म्हणत होती. तीन वर्षं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी फोनवर बी म्हटलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हणन? दर वेळेस एकच. हाव माय, माहीच चूक."

हे मला माहीत नव्हतं, वंदनाताई. तू दुकानात तुझ्या स्टुलावर बसून गप्प राहिलीस, एवढंच मला माहीत होतं. घरी जाऊन लेकीचं ऐकून घेत होतीस, तिला एका वाक्यात गप्प करता आलं असतं तरी माझं नाव घेत नव्हतीस, हे मला आज दुपारी कळलं. मी प्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हळूच काढून ठेवला.

"मला माफ कर," मी म्हणाले. "तीन वर्षं हिंमत झाली नाही. आज निदान तुला तरी सांगितलं."

तिने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली, चप्पल घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाले सांगाले मी तरी होती, मावशी. मी कोणाले सांगू?"

माझं राहू दे, वंदनाताई. आधी तिचं ऐक.